फुगीर पीक

सुंदराबाईला कामावरून काढल्याचं रत्नप्रभा धुरीला कँटीनमध्ये कळलं, आणि तिने उघडलेला डबा तसाच बंद केला.

१९८६ चा मे महिना होता. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या बनवणारा तो मध्यम आकाराचा कारखाना. सुंदराबाई तिथे बाटल्या भरण्याच्या लाइनवर अकरा वर्षं होती. तयार गोळ्यांची पिंपं तिच्या ताब्यात असायची. त्या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची एक बॅच दुकानांतून परत यायला लागली होती, कारण गोळ्या पिवळ्या पडल्या होत्या. वर मुलुंडच्या एका डॉक्टरने पत्र लिहिलं होतं की या गोळ्या घेणाऱ्या आपल्या तीन पेशंटांचा रक्तदाब उतरायचं नाव घेत नाही.

कारखान्याने चौकशी केली ती एका दुपारीच आटोपली. पावडर आली तेव्हा लॅबने तपासली होती, ९९.४ टक्के निघाली होती. म्हणजे माल चांगला आला. म्हणजे तो इथे बिघडला. म्हणजे कुणीतरी पिंपाचं झाकण उघडं टाकलं आणि दमट हवा लागली. पिंपं कुणाकडे? सुंदराबाईकडे. झालं.

त्या ९९.४ च्या कागदावर सही रत्नप्रभाची होती.

रत्नप्रभा तेव्हा एकतीस वर्षांची. पार्ल्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, लॅबमध्ये सहा वर्षं काढलेली. वाकोल्याच्या चाळीत बापासोबत राहायची. बाप धोंडू मूळचा कुडाळकडचा, संपात गिरणी गेली तेव्हापासून घरीच. रत्नप्रभा कामाला चोख होती आणि तिला पटकन राग यायचा, या दोन्ही गोष्टी लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होत्या. पण त्या दिवशी तिला आला तो राग वेगळा होता. तो आधी स्वतःवरच आला.

कारण फेब्रुवारीतला तो दिवस तिला लख्ख आठवत होता.

लॅबमध्ये एसीच्या खोलीत एचपीएलसीचं मशीन होतं. परदेशातून आणलेलं, त्याला हात लावायची परवानगी चारच माणसांना. औषधाचा थेंबभर द्राव त्यात सोडायचा. पंप तो दाबाने एका पोलादी नळीतून ढकलायचा. नळीत बारीक भुकटी ठासून भरलेली. तिच्यात प्रत्येक पदार्थ आपापल्या गतीने अडखळायचा, म्हणून एकामागून एक बाहेर पडायचा. बाहेर पडताना त्याच्यावर अतिनील दिव्याचा प्रकाश पडायचा. पदार्थ जेवढा जास्त, तेवढा प्रकाश जास्त गिळला जायचा, आणि तेवढं कागदाच्या पट्टीवरचं पेन वर चढायचं. पट्टीवर डोंगर उमटायचा, आणि त्याच्या क्षेत्रफळावरून पदार्थ किती ते काढायचं. त्या डोंगराला लॅबमध्ये इंग्रजीतून ‘पीक’ म्हणत. धोंडूला हे नाव भारी गमतीचं वाटायचं. तुमच्या कंपनीत कागदावर पीक येतं होय, असं तो विचारायचा.

फेब्रुवारीत त्या पावडरीचं पीक आलं ते मागच्या बाजूने किंचित फुगीर होतं. चढ सरळ, उतार मात्र पोट सुटलेल्या माणसासारखा. रत्नप्रभा पट्टी घेऊन चंद्रप्रकाश नाबरांकडे गेली होती. नाबर लॅबचे प्रमुख. आत काहीतरी दुसरं लपलंय असं वाटतंय, म्हणाली. नाबरांनी पट्टीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. नळी जुनी झाली की असं होतं, म्हणाले, सगळं एकच पीक धर. तिने धरलं. क्षेत्रफळ काढलं, ९९.४ आलं, सही केली आणि बस पकडून घरी गेली.

आता त्याच सहीवर एका बाईची भाकरी काढून घेतली होती.

त्या संध्याकाळी घरी तिने भांडी आपटली. धोंडू खाटेवर बसून बघत राहिला. गिरणीत कामावरून काढलेली माणसं त्याने आयुष्यभर पाहिली होती. असं कागद दाखवून काढलेलीही पाहिली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. सायबाने सांगितलं म्हणून सही केली, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तो एवढंच बोलला, “सही तुझी आसा मां? मगे सायबाचा नाव कित्याक घेतंस?”

ती त्याच्यावरही चिडली. पण झोपण्यापूर्वी तिला कळलं होतं की म्हातारा बरोबर बोलला.

दुसऱ्या दिवशी ती नाबरांच्या केबिनमध्ये गेली आणि फेब्रुवारीची पावडर पुन्हा तपासायची परवानगी मागितली. आलेल्या प्रत्येक मालाचा थोडा नमुना सीलबंद बाटलीत, थंड कपाटात राखून ठेवायची पद्धत होती. ती बाटली कपाटातच होती. तिला पिंपाचं झाकण, पॅकिंगची हवा, सुंदराबाईचा हात, काहीच लागलेलं नव्हतं.

नाबर म्हणाले, तपासून काय मिळणार, पुन्हा ९९.४ च येईल. तेही खरंच होतं. मशीन जसं विचाराल तसंच उत्तर देणार.

“सर, पीक फुगीर होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“कागदावर कुठे लिहिलंयस तसं?” नाबरांनी विचारलं. “रत्नप्रभा, हे उकरून काढलंस तर पहिली मान तुझी जाईल. माझी नंतर. एका पॅकिंगवालीसाठी हे करायचंय तुला?”

‘पॅकिंगवाली’ हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, त्याने रत्नप्रभाच्या कानशिलात कळ गेली. ती बाहेर आली आणि थेट अर्बनकडे गेली.

अर्बन परेरा मशीनची देखभाल करायचा. मरोळ गावठाणातला, तिच्याच वयाचा, कमी बोलणारा. मशीनचा स्क्रू न् स्क्रू त्याला माहीत. आदल्याच वर्षी त्याने मशीनला नवा डिटेक्टर बसवला होता. जुना एकाच तरंगलांबीवर बघायचा, दोनशे चोपन्नवर. नव्याला चकती होती, ती फिरवली की प्रकाशाची तरंगलांबी बदलायची. पण तपासणीची लिखित पद्धत जुनीच राहिली होती, त्यामुळे सहा महिने झाले तरी चकती कुणी हलवली नव्हती.

रत्नप्रभाने त्याला आपल्या मनातलं सांगितलं. ओल लागली की हे औषध फुटतं आणि त्याचा एक तुकडा तयार होतो, हे पुस्तकात होतं. तो तुकडा नळीतून औषधाच्या पाठोपाठच बाहेर पडत असेल, जवळजवळ चिकटून. दोनशे चोपन्नवर दोघंही प्रकाश सारखाच गिळत असतील तर मशीनला ती दोन माणसं एकच दिसणार. पण वेगळ्या प्रकाशात बघितलं तर?

“चकती फिरवून बघू,” अर्बन म्हणाला. “लंच टायमात मशीन मोकळीच असते ना.”

आधी तो तुकडा शुद्ध स्वरूपात हवा होता. एका शनिवारी सकाळी तिने चांगली पावडर पाण्यात घेतली, थोडं आम्ल घातलं आणि उकळत ठेवली. सात तास ती त्या चंबूपाशी बसून होती. औषध पुरतं फुटलं तेव्हा तो द्राव आणि तुलनेसाठी चांगल्या पावडरीचा द्राव पाठोपाठ मशीनमध्ये सोडले. तुकड्याचं पीक आलं, औषधाच्या पिकाच्या अगदी बगलेत, जेमतेम काही सेकंद मागे. दोनशे चोपन्नवर दोघं तोडीस तोड. मग अर्बनने चकती दोनशे ऐंशीवर नेली. औषधाचं पीक ताठ उभं राहिलं. तुकड्याचं मात्र बसलं, एक दशांशावर आलं.

रत्नप्रभाला आनंद व्हायला हवा होता. पण तिला आठवला तो फेब्रुवारी. चकती तेव्हाही तिथेच होती. पाच मिनिटांचं काम होतं.

पुढच्या आठवड्यात तिने राखीव नमुना दोन्ही प्रकाशांत चालवला, दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि दर अर्ध्या सेंटिमीटरला पेन्सिलीने रेघ मारून दोन्हींच्या उंचीची तुलना केली. पीक एकाच पदार्थाचं असतं तर उंचीचं प्रमाण चढापासून उतारापर्यंत एकसारखं राहिलं असतं. इथे ते पायथ्याकडे जाताना सारखं बदलत होतं. ती पट्ट्या घेऊन धावतच नाबरांकडे गेली.

नाबर हुशार होते, हे तिला कबूल करावंच लागायचं, आणि त्याचाच तिला जास्त संताप यायचा. त्यांनी पट्ट्या खिडकीच्या काचेला लावून बघितल्या आणि म्हणाले, “हे दोन वेगवेगळ्या वेळी सोडलेले थेंब आहेत. दुसऱ्या वेळी पंप दोन सेकंद मागे पडला तर एकाच पदार्थाचं प्रमाणसुद्धा असंच बदललेलं दिसेल. हे घेऊन माझ्याकडे येऊ नकोस.”

ती बाहेर आली आणि जिन्यात उभी राहून रागाने रडली. कारण मुद्दा बरोबर होता.

दोन दिवस ती त्याच पट्ट्या उलटसुलट करून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी पट्टीवर कात्री चालवताना तिला सुचलं. त्या काळी क्षेत्रफळ काढायची एक सोपी रीत होती: पीक कागदातून कापून काढायचं आणि बारीक तराजूवर तोलायचं. कागदाचं वजन म्हणजेच क्षेत्रफळ. आणि पीक दोन सेकंद आधी आलं काय, मागून आलं काय, कागदाचं वजन थोडंच बदलतं? दोन्ही पिकं कुठे मिसळतात, रेघ कुठे मारायची, हा प्रश्नच उरत नव्हता. पूर्ण डोंगर कापायचा, दोनदा, दोन प्रकाशांतला. एका प्रकाशात दोघं मिळून किती ते कळतं. दुसऱ्या प्रकाशात औषध पूर्ण आणि तुकडा एक दशांश धरून किती ते कळतं. शाळेत मुलं सोडवतात ती दोन समीकरणं, बस.

तिने कापलं, तोललं, मांडलं. दोनशे चोपन्नवर ९९.४, जुनंच उत्तर. दोनशे ऐंशीवर ८३.२. समीकरणं सुटली तेव्हा कागदावर आलं: औषध ८१.४, तुकडा १८.

अठरा टक्के. मुलुंडच्या डॉक्टरचे तीन पेशंट रोज सकाळी गोळी गिळत होते आणि तिचा जवळजवळ पाचवा भाग नुसता कचरा होता. तेच तुकडे गोळीतल्या साखरेशी मिसळून पिवळे पडले होते. सुंदराबाईने झाकण लावलं होतं की नव्हतं, याचा कशाशी काही संबंध नव्हता.

या वेळी ती नाबरांकडे गेली नाही. कारखान्याचे मालक श्यामसुंदरशेठ घाटकोपरहून रोज अकराला यायचे. ती त्यांच्या दारात उभी राहिली आणि आत घेईपर्यंत हलली नाही. शेठ मराठी माणसासारखंच मराठी बोलायचे. त्यांनी नाबरांना बोलावून घेतलं, दोघांचं ऐकलं, आणि केमिस्ट्री आपल्याला कळत नाही म्हणाले. पण माणूस व्यवहारी होता.

“नाबर, तुम्हीच पाच बाटल्या बनवा. चांगलं-खराब तुम्हाला हवं तसं मिसळा. तिला सांगू नका. ती काढते का बघू.”

नाबरांनी बाटल्या मन लावून बनवल्या. हरवायचंच म्हणून बनवल्या. रत्नप्रभाने त्या दोन दिवसांत चालवल्या. प्रत्येक बाटली दोन्ही प्रकाशांत तीन-तीनदा. कात्री धरून धरून तिच्या अंगठ्याला फोड आला. शेवटी तिने शेठच्या टेबलावर पाच आकड्यांची चिठ्ठी ठेवली आणि नाबरांनी आपली चिठ्ठी खिशातून काढली. चार आकडे एक-दीड टक्क्याच्या फरकाने जुळले. तिसऱ्या बाटलीपुढे तिने लिहिलं होतं, ‘यात खराब काहीच नाही.’ नाबरांच्या चिठ्ठीवर तिसऱ्यापुढे शून्य होतं.

नाबरांनी एकच शेवटचा प्रयत्न केला. राखीव नमुना कपाटात पडून बिघडला असेल, म्हणाले. रत्नप्रभा त्याचीही तयारी करून आली होती. त्याच कपाटात, त्याच फळीवर, त्याच औषधाचा वर्षभर आधीचा दुसरा नमुना होता. तोही तिने चालवला होता. ९९.६, दोन्ही प्रकाशांत.

“पावडर गेटातून आत आली तेव्हाच सडलेली होती, शेठ,” ती म्हणाली. “आणि ती मी पास केली. माझं सर्टिफिकेट चुकीचं आहे. हे मी लिहून देते. पण त्या बाईला आजच्या आज परत बोलवा.”

तिने तिथेच, उभ्या उभ्या, तसं लिहून दिलं. फेब्रुवारीत पिकाचा आकार संशयास्पद दिसला होता आणि तोंडी सांगितलं होतं, हेही त्यात होतं. नाबरांनी तो कागद वाचला आणि परत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशोब चाललेला दिसत होता, आणि तो तिला रागापेक्षा वाईट वाटला.

बॅच बाजारातून उचलली गेली. पावडर पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला बंद केलं. त्याने कुठल्यातरी गोदामात दोन वर्षं पडलेला माल नव्या पिंपांत भरून दिला होता, असं मागाहून निघालं. हे सगळं गुपचूप झालं. आणि चार दिवसांनी सुंदराबाईला पत्र आलं.

पत्र इंग्रजीत होतं. सुंदराबाई ते घेऊन गेटवर उभी राहिली आणि रत्नप्रभाला तिने वाचून दाखवायला सांगितलं. रत्नप्रभाने वाचलं. अकरा वर्षांची नोकरी लक्षात घेऊन कंपनी तिचा निष्काळजीपणा या वेळेपुरता माफ करीत आहे आणि तिला कामावर परत घेत आहे, असा मजकूर होता. खाली सहीसाठी जागा होती.

तिने मराठीत अर्थ सांगितला, एक शब्द गाळला नाही.

सुंदराबाईने सहीच्या जागेवर बोट ठेवलं. पन्नाशीची बाई, काटकुळी, आवाज कधी न चढणारी. मग म्हणाली, “ताई, माफ कशाबद्दल? मी काय केलंय?”

“काही नाही केलंत.”

“मग हे मला नको. मी नाही सही करायची यावर.”

रत्नप्रभाने तिला समजावलं की सही केली नाही तर कामावर घेणार नाहीत. बोलताना आपणही नाबरांसारखंच बोलतोय हे तिला जाणवलं आणि ती मध्येच थांबली. सुंदराबाईने पत्र घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि गेटाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पाळी आली तेव्हा ती पुन्हा कट्ट्यावर होती. तिसऱ्या दिवशीही. पॅकिंगच्या बायका आत जाताना तिच्यापाशी थांबायला लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर त्या आत गेल्याच नाहीत. अर्बन त्यांच्यात जाऊन उभा राहिला. रत्नप्रभा लॅबचा पांढरा कोट न काढताच त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी चारला नवं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की सुंदराबाईवरचा आरोप चुकीचा होता. कंपनीने माफी मागितली नव्हतीच, पण ‘निष्काळजीपणा’ हा शब्द गेला होता. मधल्या तीन आठवड्यांचा पगारही धरला होता. सुंदराबाईने या वेळी मराठीत दिल्याशिवाय घेणार नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांनी टाइप करून दिलं.

रत्नप्रभाचं मात्र तसं झालं नाही. तिला कुणी काढलं नाही. जूनपासून तिला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. दिवसभर जुन्या फायलींना नंबर घालायचे. मशीनच्या खोलीची किल्ली तिच्याकडून मागून घेतली. आणि ऑगस्टमध्ये तपासणीची नवी पद्धत लागू झाली: दोनशे चोपन्न आणि दोनशे ऐंशी, दोन्हींवर क्षेत्रफळ, दोन समीकरणं. टाइप केलेल्या पानांच्या तळाशी लिहिलं होतं, ‘पद्धत विकसित करणारे: चं. नाबर.’ ते पान फायलीला लावायचं कामही तिच्याच टेबलावर आलं.

तिने पान लावलं, नंबर घातला आणि राजीनामा लिहिला. अर्बनने तिला विचारलं, भांडली का नाहीस? ती म्हणाली, भांडायला मला मशीन लागतं, ते त्यांच्याकडे आहे.

मुलुंडला तिला एका लहान लॅबमध्ये काम मिळालं. पगार थोडा कमी, पण मशीन हाताशी. तिथे पहिल्या आठवड्यातच तिने नियम घातला की पिकाचा आकार खटकला तर तसं वहीत लिहायचं, तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही. नव्या मुली तिला घाबरायच्या. एकदा एकीने फुगीर पीक गुळगुळीत धरून आकडा दिला तेव्हा रत्नप्रभाने तिला सगळ्यांसमोर असं झाडलं की ती पोर दोन दिवस आली नाही. त्याचं रत्नप्रभाला नंतर वाईट वाटलं. पण आकडा तिने बदलायला लावलाच.

१९८८ च्या डिसेंबरात अंधेरीच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये औषधांच्या तपासणीवर परिसंवाद होता. वक्त्यांच्या यादीत नाबर होते. रत्नप्रभा गेली आणि मधल्या रांगेत बसली. नाबरांनी पडद्यावर एकामागून एक आकृत्या दाखवल्या. त्यातली एक तिचीच पट्टी होती, पेन्सिलीच्या रेघांसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला प्रश्न आहेत का, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा ती उभी राहिली.

“दोनशे ऐंशीवर तुकडा एक दशांश धरलात,” ती म्हणाली. “तो आकडा कुठल्या नमुन्यावरून काढलात?”

नाबरांनी तिला ओळखलं. त्यांनी कागद चाळले. तो तपशील आत्ता हाताशी नाही म्हणाले, सहकाऱ्यांनी केलं होतं ते काम.

“आम्लात उकळलेल्या नमुन्यावरून,” रत्नप्रभा म्हणाली. हॉलमध्ये तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. “सात तास. मी उकळला होता.”

ती खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं. चहाच्या वेळी दोन अनोळखी केमिस्ट तिच्याकडे आले आणि त्यांनी आम्ल किती घातलं होतं ते विचारलं. तिने त्यांच्या वहीत लिहून दिलं. नाबर चहाला थांबले नाहीत.

सहा महिन्यांनी नाबरांचं ते भाषण निबंध म्हणून एका मासिकात छापून आलं. शेवटी आभारांच्या ओळीत तिचं नाव होतं, पण ‘मिस धुरे’ असं. तिने संपादकांना पत्र टाकलं, नाव दुरुस्त करा म्हणून, आणि त्यासोबत प्रयोगांच्या तारखांची यादी जोडली. उत्तर आलं नाही. तिने दुसरं पत्र टाकलं.